जुन्या विमानांतील विद्युत्-तारांचे दोषशोधन : एक ऐतिहासिक विवेचन

विमानविद्येच्या इतिहासग्रंथांत पंख, इंजिन आणि धातूचा सांगाडा यांना जेवढी जागा मिळाली आहे, तेवढी विमानाच्या अंतर्भागात पसरलेल्या विद्युत्-तारांना मिळालेली नाही. याचे कारण उघड आहे. तार स्वतः काही कार्य करताना दिसत नाही. ती दिव्याला, पंपाला किंवा मापकाला वीज पोहोचविते आणि तेथेच तिची ओळख संपते. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत विमानव्यवसायातही हीच दृष्टी रूढ होती. एकदा बसविलेली तार विमानाचे आयुष्य संपेपर्यंत टिकते, असे गृहीत धरले जाई. १९९६ आणि १९९८ या दोन वर्षांत घडलेल्या दोन अपघातांनी हे गृहीत मोडून काढले. तथापि या घटनाक्रमात इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट आहे. दोन्ही अपघातांत ज्या तारांवर संशय गेला, त्यांचा दोष अखेरपर्यंत निःसंशयपणे सिद्ध होऊ शकला नाही. असे असूनही नियम बदलले, साधने बदलली, आणि ‘दोष’ या शब्दाचा अर्थही बदलला. हा बदल कोणत्या क्रमाने व कोणत्या पुराव्याच्या बळावर घडला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

१. तारायंत्राचा वारसा

तारेतील दोष प्रत्यक्ष न पाहता शोधून काढण्याची विद्या विमानाहून पुष्कळ जुनी आहे. तिची खरी वाढ समुद्राच्या तळाशी पडलेल्या तारांमुळे झाली. आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्या दरम्यान १८५८ मध्ये टाकलेली अटलांटिक महासागरातील पहिली तार काही आठवड्यांतच मुकी झाली. शेकडो मैल लांबीच्या त्या तारेत बिघाड नेमका कोठे आहे, हे किनाऱ्यावर बसूनच ठरविणे भाग होते. या कामी सॅम्युएल ख्रिस्टी यांनी १८३३ मध्ये मांडलेला आणि चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये प्रसिद्धीस आणलेला रोधमापनाचा सेतू उपयोगी पडला. क्रॉमवेल व्हार्ली यांच्यासारख्या विद्युत्-तज्ज्ञांनी त्यावरून दोषाचे अंतर काढण्याच्या पद्धती बसविल्या. त्यांचे तत्त्व सोपे आहे. सदोष तारेचे दूरचे टोक एका निर्दोष तारेस जोडून वलय तयार करावे, दोन्ही बाजूंच्या रोधांचा तोल साधावा, आणि तारेचा रोध तिच्या लांबीच्या प्रमाणात असतो या नियमावरून दोषस्थानाचे अंतर काढावे.

१८६५ च्या मोहिमेत ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजावरून नवी तार सोडली जात असता तिचे विद्युत्-रोधन एकाएकी ढासळल्याचे मापकांनी दाखविले. तार मागे ओढून पाहिली, तेव्हा बाहेरच्या चिलखती वेष्टनातील लोखंडी तारेचा एक तुकडा गटापर्चाचे आवरण भेदून आत घुसलेला आढळला. असे पुन्हा घडल्यावर घातपाताचा संशयही घेतला गेला. परंतु वेष्टनाची ठिसूळ तार तुटून तिचेच तुकडे आत रुतत होते, असे पुढे दिसून आले. याच जहाजाने १८७० मध्ये मुंबईहून एडनपर्यंतची तार टाकली आणि मुंबईचा इंग्लंडशी समुद्रमार्गे तारसंबंध जुळून आला. धातूचा एक बारीक तुकडा, रोधक आवरणास पडलेले छिद्र आणि प्रथम घातपाताचा संशय, हा क्रम सव्वाशे वर्षांनंतर विमानांच्या बाबतीत पुन्हा भेटणार होता.

मात्र तारायंत्राच्या दोषात आणि विमानाच्या दोषात एक मूलभूत भेद आहे. समुद्रातील तार एकदा तुटली की तुटलेलीच राही. दोष जागेवर स्थिर असे, आणि परीक्षकाला हवा तेवढा वेळ मिळे. एकोणिसाव्या शतकाने दोषशोधनाची जी परंपरा निर्माण केली, ती या स्थिर दोषाच्या कल्पनेवर उभी होती.

पुढील महत्त्वाची पायरी लहरींच्या विचारातून आली. ऑलिव्हर हेविसाइड यांनी तारेतून जाणारा संदेश ही एक लहर आहे, असे मानून तिचे गणित मांडले. तारेच्या गुणधर्मात कोठेही बदल झाला, की लहरीचा काही भाग तेथून परत फिरतो, हा त्या गणिताचा एक निष्कर्ष होय. दुसऱ्या महायुद्धातील रडारने अतिसूक्ष्म काळ मोजण्याचे तंत्र परिपक्व केले. बर्नार्ड ऑलिव्हर यांनी १९६४ मध्ये ‘ह्यूलेट-पॅकार्ड जर्नल’मध्ये परावर्तनाच्या कालमापनावर लेख लिहिला, तेव्हा ही पद्धत प्रयोगशाळेतील नित्याचे साधन होऊ लागली होती. तारेत एक तीव्र स्पंद सोडावयाचा, आणि त्याचा प्रतिध्वनी किती काळाने परत येतो हे पाहावयाचे. स्पंद तारेतून एका नॅनोसेकंदात सुमारे वीस सेंटिमीटर जातो. म्हणून जाण्यायेण्याच्या काळात एका नॅनोसेकंदाचा फरक पडला, तर दोषस्थानात सुमारे दहा सेंटिमीटरांचा फरक पडतो. साधन अत्यंत सूक्ष्म झाले खरे. परंतु त्यामागील ‘स्थिर दोषा’ची कल्पना जुनीच राहिली.

२. विमानातील तार आणि तिचा रक्षक

जेट विमानांच्या युगात प्रवासी विमानातील तारांची एकूण लांबी शेकडो किलोमीटरांवर गेली. ११५ व्होल्ट व ४०० आवर्तनांचा प्रत्यावर्ती प्रवाह, २८ व्होल्टांचा एकदिश प्रवाह आणि मापकांचे अत्यंत क्षीण प्रवाह वाहून नेणाऱ्या तारा पुष्कळदा एकाच जुडग्यात बांधल्या जात. वजन वाचविण्यासाठी रोधक आवरण शक्य तितके पातळ ठेवण्याकडे कल होता. या दृष्टीने १९६० च्या दशकात ड्यूपाँ कंपनीने विकसित केलेले ‘कॅप्टन’ हे पॉलिइमाइड वर्गातील द्रव्य आदर्श वाटले. ते हलके, कणखर आणि उष्णतेस दाद न देणारे होते. परंतु त्यात एक घातक अवगुणही होता. दमट हवेत दीर्घकाळ राहिल्यास त्याचा ऱ्हास होई, आणि तडा पडून ठिणगी उडाली म्हणजे ते जळून कोळशासारखे विद्युत्-वाहक बनत असे. मग ठिणग्यांचा झोत, म्हणजेच विद्युत्-चाप, तारेच्या लांबीने पुढे सरके आणि शेजारच्या तारांनाही आपल्यात ओढून घेई. या अनुभवामुळे अमेरिकी नौदलाने १९८० च्या दशकात आपल्या नव्या विमानांत या आवरणाचा वापर थांबविला.

तारांच्या संरक्षणाची जबाबदारी सर्किट ब्रेकरवर होती. त्यातील दोन धातूंची पट्टी अतिप्रवाहाने तापते, वाकते आणि प्रवाह तोडते. येथे दोषाची दुसरी कल्पना दिसून येते. दोष म्हणजे प्रमाणाबाहेरचा प्रवाह, आणि तोही पट्टी तापण्याइतका वेळ टिकणारा. पण घासलेल्या तारेतून उडणारी ठिणगी सेकंदाच्या काही सहस्रांश भागापुरतीच टिकते, विझते आणि पुन्हा उडते. तिच्या जागी तापमान हजारो अंशांवर जाते; तरीही प्रवाहाची सरासरी मर्यादेच्या आतच राहते आणि पट्टी थंड राहते. सारांश, ज्या दोषाने आग लागण्याचा संभव सर्वाधिक, तोच दोष या रक्षकाच्या व्याख्येत बसत नव्हता.

या अज्ञानास नोंदवहीच्या पद्धतीनेही हातभार लावला. एखादा मापक चुकीचे अंक दाखवू लागला म्हणजे मापक काढून कार्यशाळेत पाठविला जाई. तेथे तो निर्दोष ठरे. नोंद मात्र मापकाच्या नावावर होई. तारेसाठी स्वतंत्र सदरच नव्हते. ज्या वस्तूच्या नावे नोंद नाही, तिच्या ऱ्हासाचा इतिहासही कोणापाशी असणार नाही, हे उघड आहे.

३. धातूकडून तारेकडे

विमानाच्या वार्धक्याचा प्रश्न प्रथम धातूच्या संदर्भात उभा राहिला. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवरील हिलोहून होनोलुलूकडे जाणाऱ्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाच्या छताचा मोठा भाग आकाशात उखडून गेला आणि एका सेविकेचा अंत झाला. त्या विमानाने तोवर ८९,००० हून अधिक उड्डाणे केली होती. यानंतर जुन्या विमानांच्या सांगाड्याची तपासणी कसोशीने होऊ लागली. परंतु त्याच सांगाड्याच्या आत तेवढ्याच वयाच्या तारा आहेत, हा विचार त्या योजनेत शिरला नाही.

१७ जुलै १९९६ च्या रात्री न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेले ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे ८०० क्रमांकाचे विमान उड्डाणानंतर सुमारे बारा मिनिटांनी लाँग आयलंडच्या किनाऱ्याजवळ स्फोट होऊन समुद्रात कोसळले. विमानातील सर्व २३० माणसे मृत्युमुखी पडली. ते बोइंग ७४७ विमान १९७१ मध्ये तयार झालेले, म्हणजे पंचवीस वर्षांचे होते. प्रथम बाँब किंवा क्षेपणास्त्र यांचा संशय बळावला. फौजदारी स्वरूपाचा तपास नोव्हेंबर १९९७ मध्ये थांबविण्यात आला. दरम्यान समुद्रतळातून पंचाण्णव टक्क्यांहून अधिक अवशेष वर काढून कॅल्व्हर्टन येथील एका विमानशाळेत विमानाचा मधला भाग तुकड्यातुकड्यांनी पुन्हा उभारण्यात आला.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने ऑगस्ट २००० मध्ये आपला अहवाल स्वीकारला. पंखांच्या मधील इंधनटाकी जवळजवळ रिकामी होती, आणि तिच्याखालील वातानुकूलन यंत्रांच्या उष्णतेमुळे तिच्यात इंधनवाफ व हवा यांचे ज्वालाग्राही मिश्रण तयार झाले होते. त्याचा स्फोट झाला, हे निश्चित मानले गेले. मात्र ठिणगी कोठून आली, हे मंडळाला निश्चित करता आले नाही. टाकीबाहेर शॉर्टसर्किट होऊन इंधनमापकाच्या तारांमार्गे जादा दाब टाकीत शिरला असावा, ही सर्वांत संभवनीय उपपत्ती म्हणून नोंदविण्यात आली. अशा वाफेला पेटविण्यासाठी मिलीज्यूलच्या पाव भागाएवढी ऊर्जाही पुरेशी असते.

या उपपत्तीमागील पुरावा इतिहासाभ्यासकांनी बारकाईने पाहण्याजोगा आहे. स्फोटापूर्वी दोन-तीन मिनिटे वैमानिकाने चौथ्या इंजिनाच्या इंधनप्रवाहमापकाच्या विचित्र वर्तनाविषयी उद्गार काढले होते. ध्वनिमुद्रणाच्या एका वाहिनीवर वीजपुरवठ्याची पार्श्वभूमीची गुणगुण अखेरच्या क्षणांत खंडित झालेली आढळली. त्या टाकीत सुमारे ३०० पौंड इंधन असताना समुद्रातून मिळालेल्या मापकाचा आकडा ६४० पौंडांवर थांबलेला होता. यांपैकी एकही गोष्ट एकटी निर्णायक नाही. तिन्ही मिळून एकाच दिशेकडे बोट दाखवितात, एवढेच म्हणता येते. ज्या बिंदूवर ठिणगी उडाली असेल, तो बिंदू मात्र स्फोट, आग आणि समुद्र यांनी साक्ष देण्याच्या स्थितीत ठेवलेला नव्हता. म्हणून मंडळाने दुसऱ्या प्रकारचा पुरावा शोधला. सेवेत असलेली व निवृत्त झालेली इतर विमाने तपासण्यात आली. त्यांच्या जुडग्यांत भोके पाडताना उडालेला धातूचा कीस, घासून उघड्या पडलेल्या तारा आणि साचलेला मळ दिसून आला. काही टाक्यांतील मापकांच्या जोडांवर गंधकाच्या संयुगांचे थर होते. मृत विमानाविषयीचा प्रश्न अशा रीतीने जिवंत विमानांना विचारण्यात आला.

४. वय आणि वार्धक्य

२ सप्टेंबर १९९८ च्या रात्री न्यूयॉर्कहून जिनीव्हाला निघालेले स्विसएअरचे १११ क्रमांकाचे विमान कॅनडातील नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याजवळ, पेगीज कोव्हपासून काही मैलांवर, समुद्रात कोसळले आणि २२९ माणसे दगावली. उड्डाणानंतर त्रेपन्न मिनिटांनी वैमानिकांना अनोळखी वास आला. तेथपासून अंतापर्यंत एकवीस मिनिटांचाच अवधी होता. कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २००३ च्या मार्चमध्ये अहवाल प्रसिद्ध केला. वैमानिक-कक्षाच्या छताच्या उजव्या बाजूस विद्युत्-चापाने धातूचा मुलामा असलेल्या प्लास्टिकच्या आच्छादनाला आग लागली, असा त्याचा निष्कर्ष होता. प्रवाशांच्या मनोरंजन-यंत्रणेस वीज पुरविणाऱ्या एका तारेवर अशा चापाची खूण सापडली. परंतु हीच पहिली ठिणगी होती की आणखी एखादी, हे निर्णायकपणे सांगता आले नाही. नित्याचे सर्किट ब्रेकर अशा चापापासून संरक्षण देत नाहीत, हे मात्र अहवालाने स्पष्टपणे मांडले.

हे एमडी-११ विमान १९९१ चे, म्हणजे अवघे सात वर्षांचे होते, आणि संशयित यंत्रणा त्याहूनही अलीकडे बसविलेली होती. यावरून वय आणि वार्धक्य या एकच गोष्टी नव्हेत, हे ध्यानात आले. तारेचे वार्धक्य वर्षांनी मोजता येत नाही. कंप, दमटपणा, उष्णता आणि रसायने यांनी ते वाढते, तसेच दुरुस्तीसाठी आत गेलेल्या प्रत्येक हातानेही ते वाढू शकते.

२३ जुलै १९९९ रोजी कोलंबिया हे अंतराळयान, भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्या नावाची ‘चंद्र’ क्ष-किरण वेधशाळा घेऊन उडाले. त्याच्या उड्डाणानंतर पाचच सेकंदांनी शॉर्टसर्किट होऊन दोन इंजिनांचे एकेक नियंत्रक बंद पडले. पर्यायी नियंत्रकांमुळे यान बचावले. पुढे तपासात एका स्क्रूच्या खरबरीत डोक्यावर घासून तारेचे आवरण फाटल्याचे आढळले. येथे तार हाती होती, खूण स्पष्ट होती, आणि माणसेही जिवंत होती. मागील दोन चौकशांनी ज्याचा केवळ संभव मांडला होता, त्याच जातीचा दोष या घटनेने उघड्या डोळ्यांनी दाखविला. यानानंतर यानांचा सर्व ताफा तपासणीसाठी रोखून धरण्यात आला.

५. तारेला मिळालेले नाव

अमेरिकेत १९९७ च्या फेब्रुवारीतच अध्यक्षांनी नेमलेल्या हवाई सुरक्षा आयोगाने जुन्या विमानांची तपासणी सांगाड्यापुरती न ठेवता इतर यंत्रणांनाही लागू करावी, अशी शिफारस केली होती. त्यानुसार शासन, विमानकंपन्या आणि निर्माते यांच्या प्रतिनिधींची सल्लागार समिती स्थापन झाली. तिच्या वतीने सेवेतून नुकत्याच काढलेल्या काही विमानांतील जुडगी प्रत्यक्ष उलगडून, कापून व प्रयोगशाळेत नेऊन तपासण्यात आली. त्या कामाचा अहवाल २००० च्या अखेरीस तयार झाला. केवळ डोळ्यांनी केलेल्या पाहणीतून अनेक दोष निसटतात, असे त्यातून दिसून आले. जुडग्याच्या पोटातील तार बाहेरून दिसत नाही. आणि ती पाहण्यासाठी जुडगे हलविले, तर त्या हलविण्यानेच नवा दोष निर्माण होण्याचा धोका असतो. पाहणीचे कृत्यच पाहण्याच्या वस्तूला बदलते, ही या क्षेत्रातील कायमची अडचण आहे.

नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकी हवाई प्रशासनाने प्रसिद्ध केलेल्या नियमांनी तारा, त्यांचे जोड, पकडी आणि वेष्टने यांना मिळून एक स्वतंत्र ‘यंत्रणा’ म्हणून मान्यता दिली आणि तिच्या रचनेसाठी व देखभालीसाठी वेगळी कलमे केली. वरवर पाहता हा केवळ परिभाषेचा बदल वाटेल. वस्तुतः तोच सर्वांत मूलगामी होता. नाव मिळाल्याबरोबर तारेची नोंद तिच्याच नावे करणे क्रमप्राप्त झाले, तिच्या तपासणीचे वेळापत्रक आले, आणि काम झाल्यावर कीस व कचरा काढून मगच जागा सोडावी, असा दंडक आला.

६. क्षणिक दोषाचा पाठलाग

साधनांच्या बाबतीत संशोधकांनी प्रथम तारायंत्राच्या परंपरेतील स्पंदाचा मार्गच विमानात आणून पाहिला. पूर्ण तुटलेली किंवा पूर्ण चिकटलेली तार त्याने अचूक सापडते. परंतु नुसते आवरण झिजले असता परावर्तन इतके क्षीण असते, की जुडगे किंचित हलल्याने किंवा तार धातूच्या भिंतीपासून जरा दूर सरकल्याने होणाऱ्या फरकातच ते बुडून जाते. युटा विद्यापीठातील सिंथिया फर्स व त्यांचे सहकारी यांनी २००६ च्या एका लेखात ही मर्यादा गणिताने आणि मापनाने दाखवून दिली. याशिवाय जमिनीवर उभ्या विमानात कंप नसतो, थंडी नसते, ओलावाही वेगळा असतो. आकाशात उडालेली ठिणगी विमानशाळेत कोणताही मागमूस ठेवीत नाही.

यातून दोषाची तिसरी कल्पना उदयास आली. दोष ही तारेची स्थिती नसून ती एक घटना आहे, आणि घटना घडत असतानाच पकडली पाहिजे. या विचारातून दोन साधने निघाली. पहिले साधन म्हणजे चाप ओळखणारा ब्रेकर. तो प्रवाहाचे प्रमाण न पाहता त्याचे अनियमित रूप पाहतो. घरगुती वापरासाठी असे ब्रेकर शयनगृहांत बसविण्याचे कलम अमेरिकेच्या १९९९ च्या विद्युत्-संहितेत आलेच होते. विमानासाठी हवाई प्रशासन व नौदल यांनी त्यावर मिळून काम केले. दुसरे साधन म्हणजे वाहत्या विजेतच गोंगाटाएवढा क्षीण, परंतु विशिष्ट सांकेतिक क्रमाचा संदेश अखंड सोडून त्याच्या परावर्तनावर नजर ठेवणे. फर्स व सहकारी यांच्या २००५ मधील लेखाने चालू तारेवर अशा रीतीने चापाची जागा शोधणे शक्य असल्याचे दाखविले. ठिणगी उडते तेवढ्या क्षणापुरती तार शॉर्ट झाल्यासारखी वागते, आणि एरवी अदृश्य असणारा दोष त्या क्षणी मोठा प्रतिध्वनी देतो. व्हार्ली यांच्या काळी दोष परीक्षकाची वाट पाहत असे. येथे परीक्षकाला दोषाची वाट पाहत जागे राहावे लागते.

या साधनांनी सर्व प्रश्न सुटले, असे मात्र नव्हे. मोटार सुरू होतानाचा प्रवाह आणि ठिणगीचा प्रवाह यांची रूपे पुष्कळदा सारखी असतात. ब्रेकर चुकून उघडला, तर आवश्यक यंत्रणेची वीज ऐन आकाशात तुटेल. आणि वेळेवर न उघडला, तर आग लागेल. या दोन चुकांपैकी कोणती अधिक क्षम्य, हा प्रश्न केवळ विद्युत्-शास्त्राचा नाही.

उपसंहार

तारांच्या दोषशोधनाचा हा इतिहास साधनांच्या सरळ प्रगतीचा नाही. स्थिर दोष, अतिप्रवाहाचा दोष आणि क्षणिक दोष अशा तीन कल्पना त्यात एकामागून एक आल्या. आणि प्रत्येक कल्पनेने आपल्याला अनुरूप साधन घडविले, तसेच आपल्या व्याख्येबाहेरील दोष नजरेआड केले. ही व्याख्या बदलण्यास ४५९ माणसांचे मरण कारण झाले. त्या दोन्ही प्रसंगी निर्णायक पुरावा मिळाला नाही, हेही तितकेच खरे. चौकशी मंडळांनी अनिश्चितता लपविली नाही. ‘संभवनीय’ हा शब्द वापरूनच त्यांनी आपले निष्कर्ष मांडले, आणि शासनाने निश्चिततेची वाट न पाहता त्या शब्दावर नियमांची उभारणी केली. सिद्धतेचा आग्रह धरला असता, तर बहुधा तिसऱ्या अपघाताची वाट पाहावी लागली असती. पुरावा अपुरा असताना जबाबदारीने निर्णय कसा करावा, याचा एक धडा म्हणूनही या प्रकरणाचा अभ्यास व्हावयास हवा.